‘आई, तू तिच्याशी बोलत का नाहीस?’

पत्र थोडक्यात: वाचक ६२ वर्षांच्या आजी आहेत. लेक परदेशात, जावई तिथलाच. नात पाच महिन्यांची. लेक पुन्हा कामावर रुजू झाली म्हणून या तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेल्या आहेत, त्यातला एक महिना सरला. त्यांना खटकतं ते असं: बाळाला जमिनीवर चादर अंथरून ठेवतात, समोर खेळणी मांडतात, आणि जावई तिच्यासमोर पालथा पडून ‘मोठ्या माणसाशी बोलावं तसा’ तिच्याशी गप्पा मारत असतो. रात्री बाळ वेगळ्या खोलीत, आवाज ऐकायला यंत्र. आजींनी मांडीवर घेतलं की ‘सारखं उचलू नका, सवय लागेल.’ आणि गेल्या आठवड्यात लेक म्हणाली, ‘आई, तू तिच्याशी बोलत का नाहीस? नुसती घेऊन बसतेस.’ त्या लिहितात, ‘दोन मुलं याच मांडीवर वाढवली. माझी पद्धत चुकीची होती, की यांचीच कोरडी आहे? तिकीट अलीकडचं करून परत जावं का?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या जागी बसून वाचलं आणि जावयाचा थोडा रागही आला. दुसऱ्यांदा लेकीच्या जागी बसले. तेव्हा त्या पत्रातलं तिचं ते एक वाक्य माझ्या मनातून जाईना. तुम्ही तो टोमणा म्हणून ऐकलात. मला तो टोमणा वाटत नाही. पण तिकडे सावकाश येते, आधी ‘कोरडी’ या शब्दाचं बघू.

हायडी केलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी वर्षानुवर्षं जर्मनीतल्या शहरी आया आणि कॅमेरूनमधल्या न्सो या शेतकरी समाजातल्या आया तान्ह्या बाळांशी कशा वागतात, ते चित्रित केलं. जर्मन आई बाळाला उताणं ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत बोलते, प्रश्न विचारते, खुळखुळा दाखवते. न्सो आई बाळाला अंगाला धरते, उभं धरून तालात झुलवते, हातपाय हलवून घेते. मग केलर यांनी एकीचं चित्रण दुसरीला दाखवलं. बाळ असं एकटं पाठीवर टाकून ठेवलेलं बघून न्सो बायका चकित झाल्या. जवळ का घेत नाहीत हिला, हाच त्यांचा प्रश्न होता. म्हणजे तुमचाच.

पण ती जर्मन आई कोरडी नव्हती. ती आपल्या परीने सगळं देत होती, फक्त डोळ्यांनी आणि शब्दांनी देत होती. न्सो आई तेच त्वचेने आणि तालाने देत होती. ज्याला जी भाषा येत नाही त्याला ती शांतता वाटते. तुम्हाला जावयाची माया दिसत नाही, आणि बहुधा त्याला तुमची दिसत नाही. तो बघतो तेव्हा त्याला एक बाई बाळाला धरून गप्प बसलेली दिसते, एवढंच.

यातलं ‘बरोबर’ कोणतं, हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. प्रत्येक घर बाळाला नकळत कशासाठी तरी तयार करत असतं. केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली कॅमेरून, ग्रीस आणि कोस्टा रिका इथल्या मुलांबद्दल एक अभ्यास मांडला. तान्हेपणी अंगाखांद्यावर जास्त राहिलेली मुलं दीड-पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा स्वतःला आवरण्यात, सांगितलेलं ऐकण्यात पुढे होती. नजरानजर आणि खेळण्यांशी खेळ जास्त मिळालेली मुलं आरशात स्वतःला ओळखण्यात पुढे होती. एकाला लवकर ‘आपण’ कळतं, दुसऱ्याला लवकर ‘मी’. मोठी होईपर्यंत दोघांनाही दोन्ही कळतं. तुमच्या नातीला एकाच घरात दोन्ही मिळत असेल, तर ती गैरसोय तुमची आहे, तिची नव्हे.

आता ‘नुसती घेऊन बसतेस’. तुम्हाला हे लागलं, साहजिक आहे. पण या बसण्यात तुम्ही एकट्या नाही. १९७०च्या दशकात रॉबर्ट लीव्हाइन आणि त्यांचे सहकारी केनियातल्या गुसी समाजात राहून अभ्यास करत होते. तिथल्या आया बाळ कुरकुरलं की क्षणात जवळ घेत, पाजत. पण बाळाच्या डोळ्यांत बघून खेळणं, बोलणं फार थोडं. बाळ तोंडाकडे बघून उत्साहाने हातपाय नाचवायला लागलं तर आई नजर काढून घेई. बघणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण बाळं दगावण्याचं प्रमाण जास्त होतं, आईला शेतातली कामं होती, आणि पहिल्या वर्षात तिला एकच गोष्ट हवी होती: बाळ जगावं आणि शांत असावं. उत्तेजित बाळ नको होतं. बोलण्याचं काय, ते मोठं झालं की बघू. त्या मांडीवर प्रेम कमी होतं असं त्या अभ्यासकांनी म्हटलेलं नाही, आणि मीही म्हणणार नाही.

मात्र इथे तुम्हाला थोडं अडवते. तुमच्या पत्रात ‘आपल्याकडे’ आणि ‘यांच्याकडे’ हे शब्द मी मोजले. चौदा वेळा आलेत. बाळं आणि आया यांच्या नात्यावरच्या आठ देशांमधल्या ३२ अभ्यासांचा एकत्र हिशेब १९८८ साली मांडला गेला, तेव्हा असं दिसलं की एकाच देशातल्या वेगवेगळ्या गटांतला फरक हा देशादेशांतल्या फरकाच्या जवळपास दीडपट होता. हिशेब बाजूला ठेवा. तुमचीच दोन मुलं तुम्ही सारखी वाढवलीत का? पहिल्याच्या वेळी तुम्ही आणि दुसऱ्याच्या वेळी तुम्ही, या दोन वेगळ्या बायका नव्हत्या का? जावई हा त्याच्या देशाचा राजदूत नाही. तो पहिल्यांदाच बाप झालेला, बहुधा घाबरलेला आणि खूप काही वाचलेला एक मुलगा आहे. (आणि तो इतका वेळ पालथा पडून बोलतो, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत, पण मी वाचताना हसले. मध्य आफ्रिकेतल्या अका समाजात बाप दिवसातला जवळपास निम्मा वेळ तान्ह्यापर्यंत हात पोचेल इतका जवळ असतो. पुरुषाला तान्हं बाळ कळत नाही ही समजूत सगळीकडची नाही. तुमच्या घरातही ती आता मोडीत काढायला हरकत नसावी.)

‘उचलू नका, सवय लागेल’ या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूला येते, पण अर्धीच.

बाळ रडलं तर काय करायचं, यावर जगातल्या आयांचं आश्चर्य वाटावं इतकं एकमत आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ देशांतल्या ६८४ आया होत्या, बाळं तुमच्या नातीच्याच वयाची, साधारण पाच-साडेपाच महिन्यांची. केनिया, जपान, ब्राझील, इटली, कोणताही देश घ्या: बाळ रडलं की आई दोन गोष्टी करते. उचलते, आणि बोलते. उचलल्याने बाळ बिघडतं या धास्तीला तसा आधार नाही. १९८६ साली माँट्रियलमध्ये झालेल्या एका प्रयोगात काही आयांना बाळाला रोज नेहमीपेक्षा जास्त वेळ, रडत नसतानाही, जवळ घेऊन फिरायला सांगितलं होतं. सहा आठवड्यांच्या वयाला, म्हणजे रडणं एरवी शिगेला पोचतं तेव्हा, ती बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. पाच महिन्यांची नात रडली आणि तुम्ही उचललंत, तर तिला एवढंच कळतं की हाक मारली की कोणीतरी येतं. ही सवय लागलेली बरी.

अर्धीच बाजू घेतली ती यासाठी, की पत्रात तुम्हीच लिहिलंय, ‘ती चादरीवर खेळत असते, मला बघवत नाही, मी उचलते.’ ताई, ती रडत नव्हती. ती कामात होती. पालथं पडणं, कोपरावर जोर देणं, हाताला न पोचणाऱ्या वस्तूकडे सरकायची धडपड, हे तिचं काम आहे आणि ते मांडीवर होत नाही. केनियातल्याच एका गावात चार्ल्स सुपर यांना दिसलं होतं की तिथली बाळं अमेरिकेतल्या बाळांपेक्षा साधारण महिनाभर आधी बसतात आणि चालतात, कारण मोठी माणसं त्यांना मुद्दाम बसवून, चालवून शिकवतात. रांगण्यात मात्र ती पुढे नव्हती, कारण त्यांना रांगायला कोणी ठेवतच नव्हतं. बाळाचं अंग त्याला जी संधी मिळेल ते शिकतं. म्हणून माझा तोडगा सोपा आहे: रडली तर उचला, कोणाचीही परवानगी न घेता. खेळत असेल तर तिच्या शेजारी जमिनीवर बसा. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीत बसा, पण तिला दिसाल अशा.

झोपेचं काय? इथे तुमचं आणि लेक-जावयाचंही थोडं चुकतंय. वेगळ्या खोलीतलं बाळ बघून वाईट वाटणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. नव्वदच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्वाटेमालातल्या ‘माया’ या मूळनिवासी समाजातल्या आयांना अमेरिकन बाळं वेगळ्या खोलीत झोपतात असं सांगितलं, तेव्हा त्यांनाही धक्का बसला होता, त्या बाळांची कीव आली होती. पण पांघरुणं, उशा, थकलेलं मोठं माणूस आणि मऊ गादी यांच्यामध्ये तान्ह्याचा श्वास कोंडण्याचा धोका खरा आहे. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डोळा लागणं तर सगळ्यात वाईट. बालरोगतज्ज्ञ सध्या सांगतात ते असं: बाळ पाठीवर, घट्ट आणि सपाट गादीवर, आजूबाजूला काही मऊ नाही, जागा स्वतःची, पण खोली आईबापांची, निदान पहिले सहा महिने. म्हणजे तुमच्या कुशीत नको, आणि वेगळ्या खोलीतही अजून नको. हे लेकीला तुम्ही सांगू नका, तिच्या डॉक्टरांना विचारायला सांगा. रात्रीचा निर्णय आईबापांचा. तो तुम्हाला पटला नाही तरी पाळा.

आता ते वाक्य.

बोलण्याबद्दलची लेकीची काळजी कुठून आली असेल ते मला माहीत आहे. १९९५ साली अमेरिकेत ४२ कुटुंबांच्या अभ्यासावरून एक आकडा गाजला: काही मुलांच्या कानावर चौथ्या वर्षापर्यंत इतरांपेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात. त्या आकड्यावर पुढे बरीच टीका झाली, पण आईबापांच्या मनात शब्द मोजायची धडकी भरली ती भरलीच. दुसरीकडे मेक्सिकोतल्या त्सेल्ताल माया खेड्यांत बाळाला उद्देशून बोललं जातं ते तासाला सरासरी चारेक मिनिटंच. तरी तिथली मुलं बोबडे बोल आणि पहिले शब्द इतरांच्याच वयात बोलू लागतात. दिवसभर मोठ्यांच्या पाठीवर, त्यांच्या बोलण्याच्या मध्यावर असतात ना. त्यामुळे तुमच्या गप्प मांडीमुळे नात मुकी राहील, ही भीती मनातून काढून टाका. लेकीलाही काढायला सांगा.

पण तुमचं घर त्सेल्ताल घर नाही. त्या घरात सगळे एकच भाषा बोलतात. तुमच्या लेकीच्या घरात जावयाची भाषा आहे, नवराबायको आपसात तीच बोलतात, आणि तुम्हीच लिहिलंय की लेकसुद्धा बाळाशी बोलताना बहुतेक तीच वापरते. मग मराठी कुठून येणार? मोठ्यांचं बोलणं नुसतं कानावर पडून येईल असं म्हणावं, तर कोणाचं बोलणं? दिवसभर घरात मराठी माणूस एकच. आणि ते गप्प बसलंय.

मला वाटतं लेक तुम्हाला हेच सांगत होती. तिला ते नीट सांगता आलं नसेल. दमलेल्या माणसाची विनवणी बऱ्याचदा तक्रारीसारखी बाहेर पडते.

यात वेळेचीही गोष्ट आहे. जन्मल्यावर काही महिने बाळांना जगातल्या कुठल्याही भाषेतले बारीक फरक ऐकू येतात. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेनासा झाला होता. त्यांच्या भोवती तो फरक कोणी बोलतच नव्हतं, कान तिकडे लक्ष देईनासा झाला. आपला ‘टाळ’ आणि ‘ताल’ तुमच्या नातीला आज वेगळे ऐकू येतायत. दार बंद होतं असं नाही, मुलं पुढेही भाषा शिकतात, पण आत्ता ते सताड उघडं आहे.

आणि हे काम मोबाइलवर गाणी लावून होत नाही. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली सिअॅटलमध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवली. चार आठवड्यांत बारा वेळा एक चिनी बोलणारं माणूस समोर बसून खेळलं, पुस्तकं वाचली. त्या बाळांना चिनी भाषेतला नवा ध्वनिभेद कळू लागला. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच शब्द, पडद्यावर दाखवले. ती काहीच शिकली नाहीत. बारा बैठका, ताई. तुमच्याकडे दोन महिने आहेत.

म्हणून मांडी सोडू नका. मांडीला आवाज द्या. जावयासारखं अखंड बोलायची गरज नाही, तुमचा तो पिंडही दिसत नाही. जे करताय ते सांगत राहा: आता पाय पुसते, हा डावा, हा उजवा. मग थांबा. पाच महिन्यांचं बाळ उत्तर देतं, फक्त उशिरा देतं. हुंकार आला की तोच हुंकार परत द्या, आणि पुन्हा थांबा. तिने तोंड फिरवलं तर समजा की तिला पुरे झालं. पाठलाग करू नका, थोड्या वेळाने ती स्वतःच वळून बघेल. गुसी आयांचं ते नजर काढून घेणं इथे कामाला येतं बघा. जावयाला हे जमतं का, तेही एकदा बघा. बोलणाऱ्या माणसांना थांबणं अवघड जातं. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आया आणि बाळं समोरासमोर बसवून फार बारकाईने पाहिलं, तेव्हा चांगल्या जोड्यांचीसुद्धा तार बराच वेळ जुळलेली नसते असं दिसलं. चुकते, मग जुळते, मग चुकते. तेव्हा तुमचा एखादा दिवस गप्प गेला, किंवा त्याचा जास्त बडबडीत गेला, तरी नात दोघांनाही सांभाळून घेईल.

लेकीशी बोलताना ‘मी तुम्हाला असंच वाढवलं’ इथून सुरुवात करू नका. त्या वाक्यापुढे कोणाला काही बोलता येत नाही. त्याऐवजी विचारा, ‘तुला कशाची भीती वाटते?’ उत्तर ऐकून लगेच समजूत घालू नका. आणि जावयाला बोलावून दाखवा की तुम्ही बाळाला कसं धरता. त्याच्या खांद्यावर ठेवून द्या, तुमच्या तालात चालायला लावा. शब्द नसलेली ही माया त्याला बघून कळणार नाही, अंगाला लागली तर कळेल.

तुमच्यासारख्या इतर आजी-आजोबांसाठी, आणि घाबरलेल्या आईबापांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते, कारण तिथे पद्धतीचा वाद चालत नाही. सहा महिन्यांच्या आसपास बाळ ओळखीच्या माणसाकडे बघून हसत नसेल, मोठ्या आवाजाकडे किंवा हाकेकडे वळत नसेल, तोंडातून काहीच आवाज काढत नसेल, तर ‘आमच्याकडची मुलं उशिराच बोलतात’ म्हणत बसू नये. कान आणि डोळे तपासून घ्यावेत. तसंच बाळाची आई सतत रडवेली, बाळाकडे बघायलाही नको म्हणणारी झाली असेल, तर तिलाच डॉक्टरांकडे न्यावं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. नात तुम्हाला बघून हसते असं तुम्ही दोनदा लिहिलंय.

तिकिटाचं म्हणाल, तर बदलू नका. परत आल्यावर व्हिडिओवर बोलायचं आहेच. समोरचं माणूस खरंच उत्तर देत असेल तर दोनेक वर्षांची मुलं त्यातूनही शिकतात, पण ते पुढचं. तोवर जाण्याआधी एक करा. रोजची एक वेळ फक्त तुमची म्हणून मागून घ्या. सकाळी दोघं कामाला लागले की अर्धा तास, दार ओढून घेतलेलं, सूचना देणारं कोणी नाही, तुम्ही आणि ती. काय बोलायचं सुचलं नाही तर तिची आई पाच महिन्यांची असताना काय काय करायची, ते सांगा. ते तिला दुसरं कोणी सांगणार नाही.